मोफत ऑनलाइन साधने: टाचणाच्या वहीतून निवड कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तुम्ही सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवता, अधूनमधून मराठीची तासिकाही घ्यावी लागते. वर्गात पन्नासच्या आसपास मुले आहेत, भिंतीवर एक मोठा टीव्ही आहे, इंटरनेट कधी असते तर कधी नसते, आणि बहुतेक मुलांकडे स्वतःचा फोन नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज येणाऱ्या दुव्यांच्या ढिगातून खरोखर उपयोगाचे आणि फुकट असे काय निवडावे, हे तुम्हाला हवे आहे. मी आधी ठाण्यात आणि नंतर नवी मुंबईत मिळून सव्वीस वर्षे हेच विषय शिकवत आले आहे, आणि अशाच वर्गांत शिकवत आले आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट टाचणाची, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याच्या आगाऊ लिहिलेल्या आखणीची. आपण सगळेच टाचण काढतो, पण बहुधा ते तपासणीसाठी काढतो. मी गेली काही वर्षे टाचणाच्या वहीत उजवीकडे दोन बोटे जागा मोकळी सोडते आणि प्रत्येक पाठासमोर एकच वाक्य लिहिते: मुले इथे अडतात. दशांश अपूर्णांकांच्या पाठासमोर लिहिलेले असते, ‘०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा वाटतो, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे.’ धाराविद्युतच्या पाठासमोर असते, ‘बल्ब वीज खाऊन टाकतो असे वाटते.’ ही अडलेली जागा ठरल्याशिवाय मी इंटरनेट उघडत नाही. साधन शोधायचे ते त्या एका जागेसाठी. असे केले की दुव्यांचा ढीग आपोआप लहान होतो, कारण त्यातले बहुतेक दुवे मुलांना आधीच समजलेला भाग अधिक रंगीत करून दाखवतात आणि जिथे ती अडतात तिथून पुढे सरकतात.

दुसरी गोष्ट अनुभवातून शिकलेली. एका पाठ निरीक्षणाच्या दिवशी मी हृदयाच्या कार्याची एक उत्तम चित्रफीत दाखवायची ठरवली होती. ती घरी तीनदा पाहिली होती. वर्गात मात्र पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले, मुले चुळबुळ करू लागली, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेतली बारा मिनिटे गेल्यावर मी खडू हातात घेतला. त्या दिवसापासून माझा नियम असा आहे की जे पेन ड्राइव्हमध्ये किंवा फोनमध्ये उतरवून घेतलेले नाही, ते माझ्यासाठी वर्गात अस्तित्वातच नाही. म्हणून खाली ज्या साधनांना मी अधिक जागा दिली आहे, त्यांतली बरीचशी इंटरनेट नसतानाही चालणारी आहेत.

सुरुवात घरच्या साधनापासून करावी. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, १९६७ साली स्थापन झाली, आणि तिची पाठ्यपुस्तके आज ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘पुस्तक तर मुलांच्या दप्तरातच आहे, मग पीडीएफ कशाला?’ असे तुम्ही म्हणाल. मला तिचे दोन उपयोग फार मोलाचे वाटतात. एक म्हणजे मागच्या इयत्तांची पुस्तके. आठवीतल्या मुलाला समीकरण सोडवता येत नसेल तर खरी अडचण पुष्कळदा सहावीत असते, आणि सहावीचे ते पान त्याच तासिकेत टीव्हीवर उघडता येणे ही मोठी सोय आहे. दुसरा उपयोग माध्यमांचा. हीच पुस्तके उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू अशा भाषांतही निघतात. आपल्याकडे बांधकामावर, बाजार समितीत, कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्यावर वर्गात येतात. कर्नाटकातून आलेल्या एका मुलीला मी भूमितीचा पाठ कन्नड पुस्तकातून काढून दिला होता. मला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते, पण आकृत्या त्याच होत्या आणि उदाहरणांचे क्रमांकही तेच. मी मराठी पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवायचे, ती आपल्या पानावर तीच आकृती शोधायची. दोन आठवड्यांत ती ‘कर्ण’ आणि ‘पाया’ हे शब्द स्वतः वापरू लागली. सेमी-इंग्रजीच्या वर्गांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पाने शेजारी शेजारी लावणे असेच उपयोगी पडते, कारण ‘त्वरण’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ही एकच गोष्ट आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड दीक्षा या मंचावर नेतात. केंद्र शासनाने हा मंच २०१७ च्या शिक्षक दिनी सुरू केला. दीक्षाचे अ‍ॅप घरी वायफायवर असताना उघडून हवा तो घटक उतरवून ठेवता येतो आणि नंतर तो इंटरनेटशिवाय चालतो, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. साहित्याचा दर्जा मात्र सारखा नाही. काही चित्रफितींमध्ये संकल्पना नेमकी उलगडली आहे, तर काहींमध्ये पाठातला मजकूर चित्रांसोबत नुसता वाचून दाखवला आहे. म्हणून वर्गात दाखवण्यापूर्वी प्रत्येक चित्रफीत शेवटपर्यंत पाहावी, आणि त्यातली आपल्याला हवी असलेली दीड-दोन मिनिटे कुठे आहेत ती वेळ टाचणात लिहून ठेवावी. सबंध चित्रफीत दाखवण्याची गरज क्वचितच असते.

आता ज्या साधनाने माझ्या शिकवण्यात सर्वांत अधिक फरक पडला त्याविषयी. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्रात २००२ साली फेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेले कार्ल वीमन हे त्याचे संस्थापक. या प्रकल्पात विज्ञान आणि गणितातील संकल्पनांच्या हाताळता येणाऱ्या आभासी प्रतिकृती तयार केल्या जातात. त्या पूर्णपणे विनामूल्य आहेत, त्यांतील पुष्कळशा मराठीत भाषांतरित झालेल्या आहेत, आणि नव्या पद्धतीच्या प्रतिकृती फाइल म्हणून उतरवून घेऊन साध्या ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालवता येतात. दोलक, अपूर्णांक, अणूची रचना, द्रव्याच्या अवस्था, प्रकाशाचे अपवर्तन अशा विषयांवर त्यांत काम झाले आहे.

एक प्रसंग जवळून सांगते, म्हणजे हे साधन कसे वापरावे ते स्पष्ट होईल. आठवीचा धाराविद्युतचा पाठ होता. आधी मी खरे साहित्य दिले: प्रत्येक गटाला एक घट, टॉर्चचा एक बल्ब, वायरचे दोन तुकडे. बल्ब पेटवायला काही गटांना सात-आठ मिनिटे लागली, आणि ती लागू द्यावीत. घटाच्या एकाच टोकाला जोडून बल्ब का पेटत नाही हा प्रश्न तिथेच जन्माला येतो. मग मी विचारले, बल्बच्या अलीकडे वायरमध्ये जितकी वीज वाहते तितकीच पलीकडे वाहते का? जवळजवळ सगळ्या वर्गाने हात वर करून सांगितले की पलीकडे कमी वाहते, कारण बल्बाने थोडी वापरली. पुस्तकात याचे उत्तर आहे, मीही अनेक वर्षे ते सांगत आले होते, आणि मुले परीक्षेत ते बरोबर लिहीतही होती. पण त्यांच्या मनातले चित्र तसेच राहत होते. या वेळी मी टीव्हीवर फेटची परिपथ जोडणीची प्रतिकृती उघडली. तिच्यात घट आणि बल्ब जोडले की वायरमधून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. मी मुलांना एवढेच सांगितले की बल्बच्या अलीकडच्या एका इलेक्ट्रॉनवर आणि पलीकडच्या एका इलेक्ट्रॉनवर नजर ठेवा. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘बाई, दोघे सारखेच चालतात. मग बल्बाने काय खाल्ले?’ तो प्रश्न त्याचा होता, पुस्तकातला नव्हता, आणि ऊर्जा व विद्युतधारा यांतला फरक मला त्यानंतर शिकवता आला. मग अ‍ॅमीटर, म्हणजे विद्युतधारा मोजणारे यंत्र, दोन्ही बाजूंना लावून आकडे पाहिले. त्याच ओळीत पहिल्याच्या पुढे दुसरा बल्ब जोडला, तसे दोन्ही मंद झाले आणि सगळेच इलेक्ट्रॉन हळू सरकू लागले. शेवटी एका मुलीने बल्ब काढून घटाची दोन टोके सरळ वायरने जोडली, तेव्हा पडद्यावर घटाला ज्वाळा लागल्या. घरी तारांशी खेळू नये हे त्या ज्वाळांनी माझ्या दहा सूचनांपेक्षा चांगले सांगितले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. खरा घट आणि खरा बल्ब आधी, मुलांचे भाकीत त्यानंतर, आणि पडदा सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर मुले प्रतिकृतीला एक खेळ समजतात आणि तिच्यात काय पाहायचे ते त्यांना उमगत नाही. प्रतिकृती म्हणजे सरळ केलेले चित्र आहे, खऱ्या वायरमध्ये असे निळे गोळे दिसत नाहीत, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

पडद्याची मुळीच गरज नसलेले एक ऑनलाइन भांडार म्हणजे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या या माणसाने टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्यात आयुष्य घातले, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती छायाचित्रांसह आणि छोट्या चित्रफितींसह आहेत, आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तकांचा मोठा संग्रह विनामूल्य वाचायला आणि उतरवून घ्यायला ठेवलेला आहे. त्यातली आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांची जोडणी मी दरवर्षी सातवीला करते. नळीचे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे तुकडे करायचे आणि त्यांत काड्यांची टोके खोवायची. काड्यांचा गूल आधी खरवडून टाकायचा. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस बोटांनी हलकेच दाबला की समभुज चौकोन होतो, आणखी दाबला की चपटा होतो. मग चौरसाला कर्णाची काडी लावा म्हटले की मुलांच्या लक्षात येते की ती काडी लांब हवी, आणि किती लांब हवी या प्रश्नातून पायथागोरसकडे जाता येते. रेल्वेचे पूल पाहिलेल्या मुलांना मी मग विचारते की पुलांच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोणच का असतात. व्हॉल्व्हची नळी अजून सायकल दुरुस्तीच्या दुकानात वजनावर मिळते. एका वर्गाला पुरेल इतकी नळी फार स्वस्तात येते.

आपल्या शेजारीच असलेल्या एका संस्थेकडे आपले शिक्षक पुरेसे लक्ष देत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. वाशीहून खाडीपूल ओलांडला की पुढचे स्टेशन मानखुर्द, आणि तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून हे केंद्र शालेय विज्ञान आणि गणित कसे शिकवावे याच प्रश्नावर काम करते आहे. त्यांच्या विज्ञान प्रतिभा या उपक्रमातील अध्ययन घटक आठवी ते दहावीसाठी आहेत, त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत आणि ते विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रत्येक घटकात मुलांसाठी कृती असतात आणि शिक्षकासाठी वेगळी टिपणे असतात. मुले कोणती उत्तरे देण्याची शक्यता आहे आणि त्यांवर पुढे काय विचारावे हे त्यांत लिहिलेले असते. एक घटक नीट करायला दोन-तीन तासिका लागतात, त्यामुळे अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत ते बसत नाहीत. मी वर्षातून दोनच निवडते आणि ते मनापासून करते. याच केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेली ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमालाही अवश्य पाहावी. निरीक्षण करणे म्हणजे काय, हे लहान मुलांना त्यातून फार हळुवारपणे शिकवले आहे.

नववी-दहावीला प्रयोगशाळेत साहित्य कमी पडत असेल तर अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांनी विकसित केलेल्या ओलॅब्समधील आभासी प्रयोग पाहावेत. तुमच्या इयत्तांना त्यांची फारशी गरज पडणार नाही.

मुलांकडे फोन नाहीत, मग ऑनलाइन चाचणी कशी घ्यायची, हा तुमच्या प्रश्नातला एक भाग होता. त्यासाठी प्लिकर्स वापरून पाहा. त्यात प्रत्येक मुलाला एक छापलेले कार्ड मिळते. कार्डावर चौकोनी ठिपक्यांची एक आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी असे चार पर्याय असतात. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर धरून कार्ड उंच करायचे आणि शिक्षकाने स्वतःच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी काय उत्तर दिले ते क्षणात फोनवर दिसते. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देता येत नाही, आणि चुकले तरी ते वर्गाला कळत नाही, त्यामुळे एरवी गप्प बसणारी मुलेही निःसंकोच कार्ड उंचावतात. कार्डे एकदा जाड कागदावर छापून घ्यावीत. त्यांना चकचकीत प्लास्टिकचे आवरण मात्र देऊ नये, कारण ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. दशांश अपूर्णांकांची ती अडलेली जागा मला याच कार्डांनी नेमकी दाखवली. ०.३५ आणि ०.४ यांत मोठा कोणता, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक वर्गाने ०.३५ म्हटले होते, आणि त्यांत तोंडी उत्तरांना नेहमी पहिला हात वर करणारी दोन मुलेही होती. हे आधी कळले नसते तर मी सरळ दशांशांच्या गुणाकाराकडे गेले असते. मोफत खात्यात काही मर्यादा असतात, पण मला एका तासिकेत तीन-चार प्रश्नांच्या वर कधीच लागले नाहीत.

भूगोल तुमचा विषय नसला तरी गूगल अर्थची संगणकावर चालणारी प्रो आवृत्ती उतरवून घ्यावी. तीही विनामूल्य आहे. तिच्यात जुन्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा पाहण्याची सोय आहे. उलव्याचा परिसर उघडून मागची वर्षे एकेक करून सरकवली की टेकडी होती तिथे विमानतळाची सपाट जमीन कशी झाली हे मुलांना आपल्या डोळ्यांनी दिसते. माझ्या वर्गात त्या गावांतून उठून दुसरीकडे गेलेल्या घरांतली मुले होती आणि त्या दिवशी शिकवण्याचे काम त्यांनीच केले. गणितासाठी क्षेत्रफळाचा पाठ घ्या. ठाण्याचा मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, तिच्या काठाने ठिपके देत बहुभुजाकृती काढली की क्षेत्रफळ आणि परिमिती दोन्ही मिळतात. त्याआधी छापलेल्या नकाशावर आलेख कागद ठेवून मुलांकडून चौकटी मोजून घ्याव्यात आणि मग दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहावीत. फरक का पडला यावर होणारी चर्चा हाच खरा पाठ. इंटरनेट जाण्याची भीती असेल तर प्रतिमा आदल्या दिवशी साठवून ठेवाव्यात.

आकाशासाठी स्टेलॅरियम हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे आणि एकदा बसवले की ते इंटरनेटविना चालते. ठिकाण ठाणे किंवा नवी मुंबई निवडा, वेळ दुपारची ठेवा आणि तारीख पुढे सरकवत न्या. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि जुलैत ढग असतात, त्यामुळे शून्य सावली आपल्या मुलांना प्रत्यक्ष दाखवणे फार अवघड जाते; पडद्यावर मात्र ती कोणत्याही दिवशी दाखवता येते, आणि ऑक्टोबरात मैदानावर काठीची सावली मोजून तिच्याशी ताडून पाहता येते.

मराठीच्या तासिकेसाठी माझी पहिली शिफारस प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरची आहे. २०१५ साली सुरू झालेल्या या मंचावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी वाचनाच्या पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि त्या खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे श्रेय देऊन त्या छापता येतात, वाटता येतात, आणि त्यांचे भाषांतरही करता येते. सहावीत येऊनही सलग वाचता न येणारी मुले आपल्या प्रत्येक वर्गात असतात. त्यांना पाठ्यपुस्तकाचा धडा देऊन लाजवण्यापेक्षा पहिल्या पातळीची गोष्ट हातात द्यावी, आणि ती गोष्ट त्यांनी दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायची आहे असे सांगावे. मग लहान पुस्तक वाचण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि ती घरी तीन-तीनदा वाचून येतात. ऐरोली, दिवा, घणसोली या आपल्या गावठाणांत अजून घराघरांत आगरी बोली आहे. मी एकदा मुलांना एक छोटी गोष्ट आपल्या आजीला सांगावी तशी आगरीत लिहून आणायला सांगितली. वर्गात आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीच्या वहीतल्या भाषेला कोणी ‘अशुद्ध’ म्हटले नाही, आणि नंतर त्याच गोष्टीचे प्रमाण मराठीतले लेखन तिने पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठे आणि मोकळे केले.

बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर विनामूल्य खुले आहेत. हे मासिक १९७१ पासून निघते आहे, त्यामुळे त्यात गोष्टी, कविता, कोडी, चरित्रे यांचा साठा प्रचंड आहे. अपठित उताऱ्यासाठी मी इतरत्र शोधणे सोडून दिले आहे. शब्दांसाठी आणि माहितीच्या पडताळणीसाठी मराठी विश्वकोश उघडावा. वाईहून चालणाऱ्या या कामाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली निघाला, आणि आज सगळा मजकूर ऑनलाइन शोधता येतो. त्याची भाषा मुलांना जड जाते. तो शिक्षकाने वाचायचा आणि सोपा करून सांगायचा. शास्त्रीय शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर आहेत. वर्गात प्रत्येक शिक्षकाने आपल्या मनाचा प्रतिशब्द वापरला तर मुलांचा गोंधळ होतो, म्हणून पाठ्यपुस्तकातला शब्द प्रथम आणि तो नसेल तेव्हाच कोशातला, असा क्रम ठेवावा.

कृतिपत्रिका मराठीत टाइप करण्यासाठी युनिकोडच वापरावे. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची जागा चिन्हे घेतात आणि दहा वर्षांची मेहनत वाया जाते. माझ्या बाबतीत ते झाले आहे. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेले फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि छापल्यावर लहान मुलांना स्वच्छ वाचता येतात. पहिली-दुसरीसाठी कृतिपत्रिका करताना फॉन्टमधले ‘ल’ आणि ‘श’ पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे आहेत ना, तेवढे एकदा ताडून पाहावे. संगणकाची सवय कमी असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबर ऑफिस, जिओजेब्रा अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो, आणि तो थांबवत थांबवत आपल्या संगणकावर करून पाहायचा असतो.

फुकट मिळते म्हणजे कसेही वापरता येते, असे मात्र नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना मोकळीक दिलेली आहे, त्यामुळे पुस्तकातला उतारा किंवा चित्र कृतिपत्रिकेत घेऊन वर्गात शिकवताना घाबरण्याचे कारण नाही. विकत मिळणारे मार्गदर्शक सबंध स्कॅन करून पाचशे जणांच्या गटावर टाकणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि ती करू नये. मुलांच्या माहितीबाबत मी याहून कडक आहे. कोणत्याही अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावे, जन्मतारखा, आधार किंवा सरल क्रमांक भरू नयेत. प्लिकर्समध्ये मी फक्त हजेरीपटावरचे क्रमांक टाकते. मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कुठेही चढवू नयेत.

तुम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयीही विचारले आहे. सरावाची दहा उदाहरणे वेगवेगळ्या आकड्यांनी तयार करून घेण्यासाठी मी ती वापरते, आणि प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेत नाही. त्यांनी दिलेल्या विज्ञानाच्या मराठी परिभाषेत चुका आढळल्या आहेत, त्यामुळे तिथे पाठ्यपुस्तकच प्रमाण मानावे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सत्रासाठी तुम्हाला एकदम हे सगळे करायला मी सांगणार नाही. तुमच्या तिन्ही इयत्तांच्या गणित-विज्ञानाच्या उरलेल्या पाठांसमोर अडलेल्या जागा लिहून काढा. त्यांतल्या तीनच निवडा. एकीसाठी फेटची प्रतिकृती पेन ड्राइव्हवर घ्या, एकीसाठी आगकाड्या आणि व्हॉल्व्हची नळी आणा, आणि तिसरीसाठी प्लिकर्सची कार्डे छापून घ्या. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून फाइल उघडते का, हे शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात एकदा पाहून ठेवा. काही टीव्ही चित्रफीत दाखवतात, पण फेटची फाइल उघडत नाहीत, आणि तेव्हा लॅपटॉप किंवा फोन जोडणारी एचडीएमआय केबल जवळ लागते. ती शाळेच्या कपाटात ठेवू नका, स्वतःच्या पिशवीतच ठेवा.